दादाचा फ्लॅट आणि काकींचा आंबा

(पोस्ट मोठी आहे. सावकाश वाचा.)

परवा हर्णैच्या वरच्या अंगाला एका प्लॉटवर झाडं तोडली गेली, त्याची बातमी मी केली. इथे फोटोही टाकले. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शेअर केले, "असंच लिहीत राहा" म्हणालात. त्याच रात्री एका जुन्या मित्राचा फोन आला. म्हणाला, "सगळं बरोबर आहे रे. पण दादाच्या फ्लॅटसमोरचा आंबा तोडायचा म्हणून विचारायला कोण गेलं होतं?"

मी गेलो होतो.

फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. दुसऱ्यांच्या झाडतोडीवर लिहायचं आणि आपली गोष्ट झाकून ठेवायची, हे काही बरं नाही. म्हणून सगळं सांगून टाकतो.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. शाळा संपेपर्यंत आम्ही आंजर्ल्याच्या एकाच घरात वाढलो. मग तो डोंबिवलीला गेला, एका खाजगी कंपनीत लागला आणि २०२४ मध्ये तिथूनच निवृत्त झाला. २०१३ मध्ये त्याने हर्णैच्या वर टेकाडावर एका तीन मजली बिल्डिंगमध्ये वन बीएचके घेतला होता. दुसरा मजला. ब्रोशरवर सुवर्णदुर्गाचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'सी व्ह्यू'.

समुद्र दिसायचा, खोटं नाही. पण कुठून? हॉलची खिडकी पार्किंगकडे. समुद्राच्या बाजूला किचन, त्याला लागून ड्राय बाल्कनी, आणि बाथरूम. म्हणजे सूर्यास्त बघायचा तर भांडी घासायच्या वेळेला. बेडरूमची एक खिडकी होती त्या बाजूला, तीही जमिनीपासून चार फुटांवर. उभं राहिलं तर समुद्र, पलंगावर बसलं तर आभाळ. वहिनी म्हणायची, "बिल्डरने व्ह्यू दिलाय तो वॉशिंग मशीनला."

वर्षातले दहा-बारा दिवस यायचं म्हणून दादाने अकरा वर्षं चालवून घेतलं. पण निवृत्तीनंतर हिशेब बदलला. त्याला पेन्शन नाही. फंडाच्या व्याजावर दोघांचं भागतं, औषधं धरून जेमतेम. त्याला हा फ्लॅट पर्यटकांना रोजाने द्यायचा होता. चौकशी केल्यावर कळलं, आतून समुद्र दिसत असेल तर भाडं जवळजवळ दुप्पट मिळतं. त्यामुळे "दादाला सी व्ह्यूचं खूळ लागलं" असं कुणी म्हणू नका. त्याच्यासाठी तो म्हातारपणाचा बंदोबस्त होता.

कामावर लक्ष ठेवायला मी. दापोलीहून हर्णै पंधरा-सोळा किलोमीटर. आठवड्यातून दोन फेऱ्या तशाही होतात माझ्या. डिसेंबर २०२४ मध्ये काम काढलं.

दादाचा प्लॅन सोपा होता. हॉल आणि किचनमधली भिंत काढायची, किचन आणि बाल्कनीमधली भिंत काढायची, सगळी मिळून एक मोठी खोली. बाल्कनी चार इंच खाली होती, ती भरून घराच्या लेव्हलला आणायची. विटांचा कठडा पाडून काच लावायची. बेडरूमची खिडकी खालपर्यंत उतरवायची. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, पंधरा दिवसांत करून देतो.

मी एका ओळखीच्या इंजिनिअरला घेऊन गेलो, आणि ते केलं म्हणून आज बरं वाटतंय. भिंतींबद्दल तो म्हणाला, बिल्डिंग कॉलम-बीमची आहे, मधल्या भिंती नुसत्या भरलेल्या आहेत. त्या काढता येतील. पण आधी वरचा बीम कुठून कुठे जातो ते बघू, आणि सोसायटीला लेखी कळवा. आपल्याकडच्या जुन्या बिल्डिंगांत चिऱ्याच्या भिंतीच स्लॅबचं वजन घेऊन उभ्या असतात. तिथे असा घण घातला तर वरचा मजला खाली येईल. दिसायला दोन्ही भिंती सारख्याच. ठोकून बघून कळत नाही, नकाशा बघावा लागतो.

खरी गोष्ट निघाली बाल्कनीत. बाल्कनीचा स्लॅब एका बाजूनेच धरलेला असतो, घराने बाहेर काढलेल्या हातासारखा. खोलीच्या स्लॅबमध्ये मधोमध मुख्य सळई खालच्या अंगाला असते, बाल्कनीत ती वरच्या अंगाला असते. म्हणजे जुनी फरशी आणि कोबा फोडताना ब्रेकर जरा खोल गेला किंवा पाइपसाठी खाच मारली, तर जी सळई बाल्कनीला धरून आहे नेमकी तीच तुटणार. आणि चार इंच भराव? त्याने तिथेच कागदावर मांडून दाखवलं. दहा फूट बाय चार फुटांची बाल्कनी, चार इंच काँक्रीट, म्हणजे जवळजवळ नऊशे किलो वजन. कायमचं. वर पाच-सहा पर्यटक आणि त्यांच्या खुर्च्या.

मग त्याने खालच्या मजल्यावर जाऊन बाल्कनीच्या पोटाला हातोडीने ठोकून पाहिलं. दोन ठिकाणी पोकळ आवाज. प्लास्टर काढलं तर आत सळई तांबूस आणि फुगलेली. खाऱ्या हवेत हेच होतं. गंजलेली सळई फुगते आणि भोवतालचं काँक्रीट सोडवते. बाहेरून रंग झकास असतो. त्यामुळे दादाचे पहिले पैसे गेले ते कुणालाच न दिसणाऱ्या कामात, बाल्कनीच्या पोटाच्या दुरुस्तीत. दादा फोनवर चिडला. "अरे, मी व्ह्यूसाठी पैसे काढलेत, बिल्डरचं पाप धुवायला नाही." मी म्हटलं, व्ह्यू बघणारी माणसं तिथेच उभी राहणार आहेत ना?

भराव रद्द झाला. चार इंचांची पायरी तशीच ठेवली. "गेस्ट ठेचकाळतील," दादा म्हणाला. इंजिनिअर म्हणाला, "ठेचकाळू देत. पावसाचं पाणी तरी घरात येणार नाही." विटांचा कठडा काढून काच लावली, तीही दोन काचा मध्ये थर घालून चिकटवलेली. नुसती टफन काच फुटली की तिचे दाणे होऊन खाली पडतात, ही फुटली तरी जागेवर राहते. नळ्या ३१६ ग्रेडच्या स्टीलच्या. बाजारात स्वस्त मिळतं ते ३०४, समुद्राकाठी त्याच्यावर लवकर तांबूस डाग येतात. कठड्याची उंची मात्र कमी होऊ दिली नाही, मीटरभराच्या वरच ठेवली. "बसल्यावर अडतं" म्हणून तो खाली घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. त्यापेक्षा खुर्ची उंच घ्या.

आता लाज वाटण्याचा पहिला भाग. दोन भिंती, कठडा, जुन्या टाइल्स मिळून तीन टेम्पो डेब्रिज निघालं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "साहेब, त्याची काळजी नको." मीही केली नाही. आठवड्याने दुसऱ्याच बातमीसाठी खाडीच्या बाजूला गेलो होतो. रस्त्याच्या कडेला, पाणी उतरतं त्या ओहोळात, पांढऱ्यावर निळी फुलं असलेल्या टाइल्सचा ढीग. दादाच्या बाथरूममधल्या. अकरा वर्षं मी त्याच फुलांकडे बघत आंघोळ केलेली, ओळखायला वेळ लागला नाही. बांधकामाच्या कचऱ्याचे नियम २०१६ पासून आहेत. कचरा ज्याच्या कामातून निघाला त्याची जबाबदारी, हे त्यात स्पष्ट आहे. मी त्यावर दोनदा लिहिलंय. टेम्पोवाल्याला परत बोलावलं, ढीग उचलायला लावला आणि एका ओळखीच्याच्या घराच्या जोत्यात भरायला दिला. पैसे माझ्या खिशातून गेले. ही बातमी मात्र मी केली नाही. आज करतोय.

फेब्रुवारीत किचनची भिंत पडली. त्या संध्याकाळी मी एकटाच होतो, गवंडी हातपाय धुऊन निघून गेलेले. धूळ बसली आणि समोर समुद्र. हॉलच्या पार मागच्या भिंतीपासून दिसत होता. बंदरावर होड्या लागलेल्या, लिलावाची गडबड, माणसं मुंगीएवढी. मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. त्याने काही बोलायच्या आधीच वहिनीचा आवाज आला, "अगंबाई!"

मग दादा म्हणाला, "किल्ला कुठाय?"

किल्ला होता, पण अर्धा. उजवीकडे बिल्डिंगच्या कंपाउंडखालच्या जमिनीत एक रायवळ आंबा आहे, जुना, पसरलेला. त्याचा शेंडा बरोबर दुसऱ्या मजल्याच्या उंचीला येतो. सुवर्णदुर्गाचा एक बुरूज आणि थोडा तट दिसतो, बाकी पानं. किचनच्या खिडकीतून हे कधी जाणवलं नव्हतं. आता काचेची भिंत झाल्यावर झाड डोळ्यांवर येत होतं.

"तुझी ओळख आहे तिथे," दादा म्हणाला. "बघ ना विचारून. झाडाचे पैसे देऊ."

आणि मी गेलो. कुणी ढकललं नाही. मी स्वतःला सांगितलं, फक्त फांद्यांचं विचारतोय.

जमीन एका काकींची. पाच-सहा गुंठे, कौलारू घर, पुढे पडवी. नवरा वारला, मुलगा नालासोपाऱ्याला. मला त्या ओळखतात, पेपरवाला म्हणून आणि आमच्या वडिलांमुळेही. कोरा चहा दिला. मी इकडचं तिकडचं बोलून विषय काढला. "काकी, वरच्या दोन-चार फांद्या जरा..."

"फांद्या की झाड?"

मी गप्प.

काकी रागावल्या नाहीत. त्यांनी निसर्ग वादळाचं काढलं. ३ जून २०२०. आपल्याकडे कुणाला तो दिवस सांगायला लागत नाही. त्या म्हणाल्या, "सकाळी वारा डोंगराकडून होता, मग फिरला. माझे तीन माड गेले, पोफळी तर मोजल्याच नाहीत. फणस मुळासकट आडवा. हा राहिला. तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरचे पत्रे सुटले ना, ते याच्यात अडकले. नाहीतर माझ्या कौलांवर होते. मी आत होते रे तेव्हा."

मी चहा पीत राहिलो.

"दादाला म्हणावं, किल्ला बघायचा तर गच्चीवर जा. तिथून सगळा दिसतो," काकी म्हणाल्या. "आणि लोणच्याच्या कैऱ्या मे महिन्यात न्यायला सांग. दरवर्षी नेतो तो."

ते मला माहीत नव्हतं. दादा दरवर्षी त्याच झाडाच्या कैऱ्या डोंबिवलीला न्यायचा.

गोष्ट इथे संपली असती. पण दोन दिवसांनी काकींच्या मुलाचा दादाला फोन. "आईचं सोडा. तिला काय कळतंय? पंधरा हजार द्या, मी माणूस पाठवून काम करून देतो." सातबाऱ्यावर त्याचंही नाव आहे. त्याचीही अडचण असणार, नालासोपाऱ्यात घर चालवणं सोपं नाही. दादाने मला सांगितलं ते आनंदाने. "बघ, प्रश्न मिटला."

तेव्हा कुठे मी तोंड उघडलं. आंबा आणि फणस स्वतःच्या जमिनीत असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, १९६४ चा कायदा आहे. हे मी दादाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मला ते पाठ आहे. कितीतरी बातम्यांत ते वाक्य मी लिहिलंय. तरी मी काकींच्या पडवीत जाऊन बसलो तेव्हा ते मला आठवलं नाही. किंवा आठवलं, पण भावाच्या कामात ते कशाला मध्ये आणायचं, असं वाटलं. दुसरंच खरं असावं.

फोनवर आमचं वाजलं. मी म्हटलं, "झाड तुटलं तर मी बातमी करणार. तुझ्या नावासकट."

तो म्हणाला, "तू माझा भाऊ आहेस की पेपरवाला?" मग जरा थांबून, "बातमीने माझी औषधं येणार आहेत का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. त्यानंतर मेपर्यंत दादा माझ्याशी बोलला नाही. कामाचे निरोप वहिनीकडून यायचे.

त्या दिवसांत मला आंजर्ल्याचं घर फार आठवायचं. समुद्र चालत पाच मिनिटांवर, पण घरातून कुठूनच दिसायचा नाही. समुद्राकडे वाडी. माड, पोफळी, कडेला उंडी. घर त्यांच्या आड, छप्पर खाली उतरलेलं, इतकं की पडवीत शिरताना मोठ्या माणसाला मान वाकवावी लागायची. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, आपल्या घरातून समुद्र का दिसत नाही? ते म्हणाले, "त्याला आपण दिसू नये म्हणून." तेव्हा मला ती गंमत वाटली होती. वारा, खार, तिरका पाऊस आणि दुपारचं ऊन ही सगळी समुद्राकडूनच येतात. ज्यांना तिथे बारा महिने राहायचं होतं त्यांनी समुद्राकडे पाठ केली. समोर समुद्र हवा, ही चार दिवस येणाऱ्याची गरज. त्यात चूक काही नाही. पण घर चार दिवसांसाठी बांधलं तरी ऊन-पाऊस त्याच्यावर बारा महिने पडतो.

दादा मेच्या मध्यावर आला. वहिनीने मला जेवायला बोलावलं म्हणून गेलो. दुपारी तीननंतर त्या नव्या खोलीत बसवेना. पश्चिमेची सहा फुटी काच, वर छज्जा नावापुरता. एसी चालू, तरी सोफा तापलेला. दादा टेबल इकडून तिकडे सरकवत होता. साडेपाचच्या सुमाराला तो उजव्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि मग तिथून उठला नाही. तिथे सावली होती. आंब्याची.

मी काही बोललो नाही. मीही तिथेच खुर्ची ओढली.

सूर्य मावळायची जागा वर्षभर सरकते, हे आपल्याला माहीत असतं पण लक्षात नसतं. पश्चिमेला तोंड करून बसलं तर थंडीत तो डावीकडे मावळतो, मेजूनमध्ये उजवीकडे. दादाने प्लॅन केला तो दिवाळीच्या सुट्टीत, तेव्हाचा सूर्यास्त डोळ्यांसमोर ठेवून. त्या दिवसांत आंब्याचा अडथळा होतच नाही, सूर्य मोकळ्या समुद्रात बुडतो. आणि मेमध्ये, जेव्हा ते तिरकं ऊन नकोसं होतं, तेव्हा सूर्य जातो आंब्याच्या मागे. असा पडदा दुकानात मिळत नाही.

मग पाऊस आला. २०२५ चा मे आठवतोय ना? २६ तारखेला मुंबईत मान्सून आल्याचं जाहीर झालं, पण आपल्याकडे त्याच्या आधीपासूनच झोडपत होता. आंबेवाल्यांचं नुकसान झालं ते वेगळंच. त्या रात्री वहिनीचा मला फोन, "खोलीत पाणी." गेलो तर स्लायडिंगच्या पट्टीतून पाणी आत. खालची पाणी जायची भोकं फिटिंगवाल्याने सिलिकॉनने बुजवून टाकलेली. आम्ही तिघं रात्री साडेअकराला फडकी घेऊन गुडघ्यांवर. ती चार इंचांची पायरी होती म्हणून बाल्कनीतलं तळं तरी बाहेर राहिलं. दादा फडकं पिळता पिळता म्हणाला, "भरून घेतली असती तर आज पोहलो असतो."

तीन महिन्यांनी तो माझ्याशी हसला.

जाताना त्याने काकींकडून कैऱ्या घेतल्या. गाडीत बसल्यावर मला म्हणाला, "झाड राहू दे. सध्या."

'सध्या' हा शब्द मी ऐकला. पण त्याच्यावर काही बोललो नाही.

जुलैमध्ये युनेस्कोची बातमी आली. महाराजांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत, त्यात आपला सुवर्णदुर्ग. आनंद झाला, मी पेढेही वाटले. पंधरा दिवसांत एजंटांचे फोन सुरू. 'वर्ल्ड हेरिटेज व्ह्यू', असा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला. काकींच्या मुलाचा पुन्हा फोन आला, आकडा वाढवून. दादाने मला न विचारता नाही म्हणून सांगितलं. मला ते वहिनीकडून कळलं.

आणि आता परवाचा प्लॉट. तो दादाच्या बिल्डिंगच्या खालच्या बाजूला आहे, डावीकडे. जिथे थंडीतला सूर्य बुडतो, बरोबर तिथे. चार मजल्यांचं काम आहे असं ऐकतो. म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत दादाच्या त्या काचेसमोर पाण्याच्या टाक्या दिसणार.

तो मला विचारत होता, काही करता येईल का? मी वकील मित्राला विचारलं. १८८२ चा सुखाधिकाराचा कायदा आहे. वीस वर्षांच्या वापराने उजेड आणि हवेचा हक्क मिळू शकतो, पण शेजाऱ्याच्या जमिनीवरून दिसणाऱ्या देखाव्याचा हक्क असा मिळत नाही. ब्रोशरवर सी व्ह्यू लिहिलं म्हणजे समुद्र आपल्या नावावर झाला नाही. सीआरझेडचं म्हणाल तर २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याला बांधकामबंदीचा पट्टा दाट वस्तीत ५० मीटर आणि इतरत्र २०० मीटर. या किनाऱ्यावर सीआरझेडची हद्द फार तर भरतीरेषेपासून ५०० मीटर. टेकाड त्याच्या बाहेर. तिथे उरतो तो बांधकाम परवानगीचा कागद, आणि झाडांचा १९६४ चा कायदा.

सगळा खेळ असा चाललाय. वरच्याला समुद्र दिसावा म्हणून खालची झाडं जातात, मग मोकळ्या झालेल्या जागेत खाली बिल्डिंग येते, आणि तिला समुद्र दिसावा म्हणून तिच्या पुढची झाडं. प्रत्येक जण व्ह्यू विकत घेतो आणि प्रत्येकाचा व्ह्यू पुढचा माणूस विकून टाकतो. शेवटी पर्यटक येईल कशाला? टाक्या बघायला डोंबिवली आहेच.

ज्यांचे असे फ्लॅट आहेत, त्यांना अनुभवाने थोडं सांगतो:

१. भिंत काढण्याआधी इंजिनिअर आणा. कॉन्ट्रॅक्टरचा शब्द पुरेसा नाही. सोसायटीला लेखी कळवा.

२. बाल्कनीवर भराव नको, तिचा कोबा खोल फोडणं नको. आधी पोट ठोकून बघा.

३. पश्चिमेला काच लावाल तर वर खोल छज्जा करा. आणि पाणी जायची भोकं बुजवली नाहीत ना, ते फिटिंगवाला जायच्या आधी बघा.

४. डेब्रिज कुठे जातंय ते टेम्पोच्या मागे जाऊन बघा. खरंच जा.

५. काही फोडायच्या आधी पलंग आणि सोफा फिरवून बघा. दादाच्या बेडरूमची खिडकी शेवटी उतरवलीच नाही. पलंगाखाली फूटभर ओटा घातला आणि उशी उलट्या बाजूला केली. आता झोपल्या झोपल्या समुद्र दिसतो.

आणि ज्यांचे फ्लॅट नाहीत, आपण इथलेच, त्यांना एक विनंती. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला या. त्या प्लॉटवर कुठली झाडं होती, त्यांची परवानगी होती का, असेल तर कागद दाखवा, एवढंच विचारायचं आहे. भांडायला नाही. परवानगी असेल तर मी इथेच तसं लिहीन. मी विचारणारच आहे, पण मी एकटा विचारतो तेव्हा तो 'पेपरवाल्याचा प्रश्न' होतो.

काल दादाचा फोन आला होता. प्लॉटचे फोटो त्यानेही पाहिलेत. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे आता समोर काय राहणार? काकींचा आंबाच."

मी म्हटलं, "हो."

"पुढच्या वेळी येताना काकींसाठी काय आणू रे?" त्याने विचारलं.